चिंतेचा विकार आणि मानसोपचार

चिंता हा मनुष्यस्वभाव आहे. पावसाने ओढ दिली की हदगाव तालुक्यातील सोयाबीन-कापूस उत्पादकाला काळजी वाटणारच. परंतु सहा महिने वा अधिक काळ, बहुतेक दिवस मनात काहूर राहिले, ते आवरता येईनासे झाले आणि झोप, काम व नातेसंबंध विस्कटू लागले, तर तो चिंतेचा विकार असू शकतो.

छातीत धडधड, घाम, दडपण ही लक्षणे हृदयविकाराची, थायरॉइडचीही असू शकतात. त्यामुळे शारीरिक तपासणी आधी करावी. मात्र अहवाल निर्दोष आले म्हणजे त्रास खोटा, असे कुटुंबीयांनी मानू नये.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ‘पीक गेले, म्हणजे सारे संपले’ या विचाराला पुरावा काय, हे उपचारक रुग्णालाच तपासायला लावतो. टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सरावही मानसोपचारात करून घेतला जातो. संकट त्याने टळत नाही. त्याला तोंड देण्याचे बळ येते. गरजेनुसार औषधेही दिली जातात.

२०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य, अहोरात्र सल्ला मिळतो.