उटण्याच्या वाटीतला इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, लढाया उभ्या राहतात, तह आणि सनदा उभ्या राहतात. पण दिवाळीच्या पहाटे अंगाला लावायचे उटणे वाटीत कालवले जाते, त्या वाटीतही इतिहास असतो असे कुणी म्हटले, तर आपल्याला थोडे हसू येईल. आज मी त्याच वाटीविषयी बोलणार आहे. कारण त्या वाटीवरून राज्यांनी कायदे केले आहेत, परदेशी दप्तरांत दावे लढले गेले आहेत, आणि रानात राहणाऱ्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आजही तिच्याशी बांधलेला आहे.

या वाटीत काय काय असते? हळद किंवा आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, कुठे चंदनाचे खोड उगाळून घेतलेले गंध. जोडीला केसांसाठी शिकेकाई आणि रिठा. यातले काही शेतातले, काही ओढ्याकाठचे, आणि बरेचसे रानातले. शिकेकाई हा शब्दच पाहा. तो कानडी ‘सीगेकायी’वरून आला. ‘कायी’ म्हणजे फळ किंवा शेंग. काटेरी वेलीची ही शेंग पाण्यात भिजवून चोळली की फेस येतो आणि मळ निघतो. हा गुण कुण्या राजवैद्याने दरबारात बसून शोधला नाही. ती वेल ज्यांच्या वाटेत आडवी येत होती, त्या माणसांनी तो ओळखला आणि तो शब्द बाजारच्या वाटेने आपल्या घरी आला.

बरे, ज्ञान म्हणजे केवळ ‘अमक्या झाडाने तमके बरे होते’ एवढेच नव्हे. ते झाड केव्हा हाताळावे, त्याचे किती घ्यावे आणि किती ठेवावे, हेही त्या ज्ञानाचेच अंग आहे. वाळ्याची मुळे खणली, तरी बुडख्याची फूट पुन्हा मातीत खोवली तर वाळा पुन्हा उभा राहतो. शिकेकाईच्या शेंगा तोडाव्या, पण वेल ओरबाडू नये. पुस्तकात गुण उतरतो, पण ही दुसरी बाजू बहुधा माणसांच्या हातातच राहते.

कोकणातले उदाहरण घ्या. रातांब्याच्या सालीची आमसुले होतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण राहिलेल्या बियांचे काय? कोकणातल्या बायका त्या बिया वाळवतात, कुटतात आणि पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून तिचे गोळे वळतात. हेच कोकमतेल, कुणी त्याला मुठेल म्हणतात. एरवी ते दगडासारखे घट्ट राहते, पण अंगाच्या उबेने विरघळते. थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना त्याच्यासारखा उपाय नाही. आता यात झाडाचे काय गेले? काहीच नाही. पिकले फळ घेतले, साल जेवणात गेली, बी अंगाला लागली, आणि झाड पुढच्या उन्हाळ्यासाठी उभेच राहिले.

याच्या अगदी उलट गोष्ट चंदनाची. चंदनाचा सुवास असतो तो खोडाच्या गाभ्यात आणि मुळांत. म्हणून चंदन नुसते तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. म्हणजे एक झाड घेतले की ते संपले. या झाडाची किंमत ओळखून टिपू सुलतानाने १७९२ साली त्याला राजवृक्ष ठरवले. पुढे म्हैसूरच्या राजांनी तोच नियम चालू ठेवला. पहिल्या महायुद्धात चंदनाची युरोपकडे जाणारी वाट अडली, तेव्हा १९१६ साली म्हैसुरात तेलाचा सरकारी कारखाना निघाला. त्या वेळी सर विश्वेश्वरय्या दिवाण होते. त्या तेलातूनच पुढे प्रसिद्ध चंदनी साबण आला. उद्योग म्हणून ही गोष्ट अभिमानाची खरीच.

पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. झाड त्याच्या बांधावर उगवले, तरी मालकी सरकारची. ते चोरीला गेले तर चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्यामागे! मग तो चंदन लावील कशाला? उगवलेले रोपटेसुद्धा नकोसे व्हावे, अशी ही तऱ्हा. शेवटी २००१ साली कर्नाटकाने कायदा बदलून जमीनमालकाला त्या झाडाचा मालक मानले. तोवर रानातले चंदन फार विरळ झाले होते. झाडाजवळ राहणाऱ्या माणसाला परके केले की झाडाचा राखणदारच नाहीसा होतो, हा या दोनशे वर्षांचा धडा आहे.

आता ज्ञानाच्या मालकीकडे वळू. सतराव्या शतकात मलबारात डच कंपनीचा अधिकारी व्हान ऱ्हेड याने तिथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ करवला. त्याचे नाव ‘होर्टुस मलबारिकुस’. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. सातशेंहून अधिक वनस्पती त्यात आहेत. ही माहिती दिली कुणी? इट्टी अच्युतन नावाच्या एळवा समाजातल्या वैद्याने. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या होती. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी पंडितही त्या कामात होते. विशेष असे की, १६७५ सालची त्यांची निवेदने त्या ग्रंथात त्यांच्याच भाषेत आणि लिपीत छापलेली आहेत. वैद्याचे मल्याळममध्ये, पंडितांचे कोंकणीत, देवनागरी अक्षरांत. ग्रंथ करवणारा व्यापारी सत्तेचा माणूस होता, धर्मार्थ काम करायला तो आला नव्हता. तरीही माहिती देणाऱ्याचे नाव त्याने लपवले नाही. पुढच्या काळात कितीतरी ग्रंथ निघाले, त्यांत मात्र ‘येथील लोक असे म्हणतात’ एवढ्यावरच भागवलेले असते. त्या लोकांना नाव नसते, गाव नसते.

नाव नसले तर काय बिघडते? बिघडते ते असे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरून आणण्याच्या उपायाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे काय, तर ‘ही युक्ती माझी, माझ्या परवानगीवाचून दुसऱ्याने ती वापरायची नाही’ असा सरकारी शिक्का. कापलेल्या बोटावर हळद दाबणे, हे तर आपल्याकडचे शेंबडे पोरही सांगेल! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतातल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या पेटंटाला आव्हान दिले. पण तिथे आजीबाईंचा शब्द पुरावा म्हणून चालेना. लिखित आधार हवा होता. मग जुने संस्कृत, हिंदी, उर्दू आधार आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख, असे ३२ पुरावे मांडले गेले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

हा विजय खराच. पण त्यात एक टोचणारी गोष्ट आहे. हळद वाचली, कारण ती पोथीत होती. जी मुळी, जी साल, जे तेल केवळ एखाद्या पाड्यावरच्या म्हातारीला ठाऊक आहे, त्याचे काय? देशाने २००१ साली पारंपरिक ज्ञानाची सूची करायला घेतली, तीही बव्हंशी ग्रंथांवरूनच. तोंडी विद्या बाहेरच राहिली. शिवाय नुसते लिहून ठेवणे म्हणजे दुधारी शस्त्र. लिहिले तर पुरावा होतो, आणि लिहिले की ते कुणालाही उचलता येते.

म्हणून २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. गावोगाव लोकांनीच आपली जैवविविधता नोंदवही तयार करावी, आणि व्यापारासाठी कुणी ते धन वापरले तर लाभाचा वाटा मूळ धन्याकडे यावा, असे त्यात आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक.

कायदा कागदावर असला तरी तो आपोआप चालत नाही. आज शहरांत ‘नैसर्गिक’ म्हणून साबण आणि लेप यांना मोठी मागणी आहे. मागणी वाढली की व्यापारी गोणीवर भाव देतो. शेंगा पिकल्या होत्या का, मूळ अर्धे ठेवले का, हे तो विचारत नाही. मग धीर धरून पिकलेले वेचणारी बाई मागे पडते, आणि वेलीसकट ओढून नेणारा पुढे जातो. विकत घेणाऱ्याने हा प्रश्न विचारायला हवा आणि सबुरीने वेचणारीला त्या सबुरीचे दाम मिळायला हवे. त्यावाचून रानही राहणार नाही आणि वाटीही भरणार नाही.

शिक्षक बंधु-भगिनींना माझे एक सांगणे आहे. इतिहासाच्या तासाला मुलांना एखादे दिवशी घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा. कोणते झाड, त्याचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती घ्यायचे, हे त्यांनी विचारून यावे. लिहिण्यापूर्वी ‘आजी, लिहू का?’ असे विचारावे. ती नको म्हणाली, तर ते पान कोरे ठेवावे. हो म्हणाली, तर माहितीच्या आधी तिचे नाव लिहावे.