छापून गेलेल्या बातमीची दुरुस्ती

३ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्युई यांनी ट्रुमन यांचा पराभव केला, असा भला मोठा मथळा छापला. प्रत्यक्षात निवडून आले ते ट्रुमन. त्या काळी तेथे जुळाऱ्यांचा संप चालू होता. मजकूर टंकलेखनयंत्रावर उतरवून त्याचे ठसे करावे लागत, आणि त्यापायी पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कितीतरी लवकर छपाईला धाडणे भाग पडे. मतमोजणी पुढे सरकली तसा रात्रीतून मथळा बदलण्यात आला खरा. परंतु सुमारे दीड लाख प्रती तोवर छापून झाल्या होत्या. त्यांतली एक पुढे सेंट लुई स्थानकावर खुद्द ट्रुमन यांच्या हाती आली, आणि ती उंच धरून हसणाऱ्या ट्रुमन यांचे छायाचित्र जगभर गेले.

श्रोतेहो, ही गोष्ट एका वृत्तपत्राची फजिती म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात मुद्रणकलेचा एक मोठा गुण दिसतो. छपाईपूर्वी चूक सापडली तर खिळा उपसून दुसरा बसविला की काम भागे. एकदा का कागद यंत्राखालून गेला, की चूक तशीच राही आणि दुरुस्तीला तिच्या शेजारी, उद्याच्या अंकात, निमूटपणे उभे राहावे लागे. कधी कधी हा ‘उद्या’ फार लांबे. रॉकेट निर्वात पोकळीत चालणार नाही, असे म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० रोजी अग्रलेखाच्या पानावर रॉबर्ट गॉडर्ड या शास्त्रज्ञाची टर उडविली होती. तिची दुरुस्ती छापून आली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड १९४५ सालीच निवर्तले होते. एकोणपन्नास वर्षांनी झालेल्या या दुरुस्तीला अर्थ राहिला, कारण मूळ वाक्य ग्रंथालयातल्या फायलीत जसेच्या तसे होते.

संकेतस्थळावरच्या बातमीची रीत वेगळी. तिथे अंकच नसतो. एकच प्रत असते, आणि वाचक मागेल तेव्हा ती त्याच्यापुढे येते. ती प्रत बदलली की बातमी बदलली. मजकूर साठविण्याच्या, मांडण्याच्या आणि बदलण्याच्या या व्यवस्थेला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात, आणि तिच्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण एका लहान गावातल्या वृत्तपत्राच्या कचेरीत घडले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

कॅन्सस राज्यातील लॉरेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या पत्रात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि इंग्लंडहून आलेले सायमन विलिसन हे दोघे तरुण संगणकाचे काम पाहत. संपादकाला आज सुचलेली गोष्ट उद्या, क्वचित आजच संध्याकाळी, वाचकांसमोर हवी असे. या घाईतून त्यांनी पायथन भाषेत एक सांगाडा रचला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव देऊन तो २००५ च्या जुलैत सर्वांना मोफत खुला केला. त्यातला सर्वांत कौतुकाचा भाग म्हणजे संपादकांची खोली. संगणकविद्येचा गंध नसलेल्या उपसंपादकाने परवलीचा शब्द देऊन आत यावे, बातम्यांच्या यादीतून हवी ती उघडावी, मथळ्याच्या चौकटीत मथळा, मजकुराच्या चौकटीत मजकूर सुधारावा आणि जतन करण्याची कळ दाबावी. छापखान्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायला लावणारे काम क्षणात संपले.

या सोयीच्या पोटात काय दडले आहे ते पाहण्यासारखे आहे. त्या खोलीत प्रत्येक बातमीला ‘इतिहास’ नावाचे एक पान जोडलेले असते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता हात लावला आणि कोणती चौकट बदलली, हे तेथे नोंदले जाते. मात्र त्या चौकटीत आधी कोणते शब्द होते, ते हे पान मुळात सांगत नाही. त्यासाठी निराळी तजवीज करावी लागते. खतावणीत व्यवहाराची तारीख लिहावी आणि रक्कम गाळावी, तसा हा प्रकार. दुसरी गंमत पत्त्याची. बातमीचा पत्ता पहिल्या मथळ्यावरून तयार होतो आणि एकदा जतन झाल्यावर, मथळा बदलला तरी, तो आपोआप बदलत नाही. मुद्दाम बदलावा, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नवी वाट दाखविण्याची सोय करावी लागते. म्हणून पानावरून हाकललेला चुकीचा शब्द कित्येकदा पत्त्यात ठाण मांडून बसलेला आढळतो. मला तर तो शब्द प्रामाणिक वाटतो!

जुने शब्द जपण्याची विद्या संगणकाला अवघड होती असे नव्हे. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस या व्यवस्थेत २००८ च्या जुलैपासून प्रत्येक बदलाआधीचा मजकूर राखला जाऊ लागला. दोन पाठ शेजारी ठेवून ताडूनही पाहता येतात. पण हे पाहण्याचा अधिकार आतल्या माणसांचा. विकिपीडियाने हा पडदा ठेवला नाही. मराठी विकिपीडियावरही कोणत्याही लेखाचा इतिहास कोणाही वाचकाला उघडून पाहता येतो. वृत्तपत्रांनी मात्र बहुधा तळाशी ‘सुधारित’ या शब्दापुढे एक वेळ लिहून समाधान मानले. सकाळी सात वाजता वाचलेल्या माणसाला, त्याने वाचलेले आता तेथे नाही, हे त्या एका शब्दावरून कसे कळावे? शुद्धलेखनाची चूक सुधारली की आरोपीचे नाव बदलले, हेही त्यातून उमगत नाही. ज्याचे नाव चुकून छापले गेले, त्याला तर मूक दुरुस्तीने न्याय मिळत नाही. सकाळच्या वाचकांच्या मनात तो आरोपीच राहतो.

अखेर हे काम बाहेरच्यांनी हाती घेतले. २०१२ साली अमेरिकेत ‘न्यूजडिफ्स’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘सीएनएन’, ‘बीबीसी’ यांच्या संकेतस्थळांवरील बातम्या त्याचे यंत्र थोड्या थोड्या वेळाने उतरवून घेई आणि मागच्या प्रतीशी ताडून पाही. जे वाक्य गेले ते एका रंगात, जे आले ते दुसऱ्या रंगात, आणि दोहोंच्या माथ्यावर वेळ. पुढे एखाद्या बातमीचा सूर संध्याकाळपर्यंत का पालटला, असे वाचक संपादकांना विचारू लागले, तेव्हा त्यांच्या हाती पुरावा म्हणून हीच पाने असत.