पाऱ्याने मोजलेली पोकळी

मातीची सुपीकता जितकी तिच्या कणांत, तितकीच कणांमधल्या रिकाम्या जागेत असते. ही अदृश्य रंध्रे मोजावयाची कशी? १७१८ मध्ये इंग्लंडच्या जेम्स ज्युरिन यांनी दाखविले, की नळी जितकी बारीक, तितके पाणी तीत उंच चढते. पारा नेमका उलट वागतो; दाब दिल्याखेरीज तो बारीक छिद्रात शिरतच नाही. या हट्टाचाच उपयोग करण्याची युक्ती अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये सुचविली : दाब दुप्पट केला, की निम्म्या व्यासाच्या रंध्रातही पारा शिरतो. १९४५ मध्ये रिटर व ड्रेक यांनी या तत्त्वावर प्रत्यक्ष मापन करून दाखविले.

परंतु अरुंद गळ्याच्या घागरीसारखे रंध्र असले, तर गळ्याचे माप नोंदले जाते आणि पोटाची विशालता लपते. शिवाय नमुना कोरडा लागतो. माळव्याची व दख्खनची काळी माती तर वाळताच आकसते, भेगाळते. पावसाळ्यातली तिची रंध्रे पाऱ्यासमोर येतच नाहीत. तेव्हा गणित कितीही नेटके असो, आकड्यांवरून मातीचा न्याय करण्यापूर्वी ती कोणत्या अवस्थेत मोजली, हे विचारावयास हवे.