मन्रो स्पेशल

न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिलचे बर्ट मन्रो (१८९९–१९७८) यांनी अनेक दशके फेरबदल करून वेगवान केलेली १९२० सालची इंडियन स्काउट मोटारसायकल. मूळ इंजिन सुमारे ६०० सीसीचे, व्ही-आकाराचे, दोन सिलिंडरांचे. वेग ताशी जेमतेम ८८ किमी. त्यातील साइड-व्हॉल्व्ह रचनेत इंधनमिश्रणाला वळसा घेऊन आत यावे लागते आणि ज्वलनकक्ष पसरट राहतो. त्यामुळे कॉम्प्रेशन फारसे वाढवता येत नाही, अश्वशक्तीही अडते. मन्रो यांनी ओव्हरहेड व्हॉल्व्ह बसवले आणि घनफळ सुमारे ९५० सीसीपर्यंत नेले. पिस्टन ते स्वतः ओतत. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या आसापासून घडवले. शक्तीबरोबर ताणही वाढतो, म्हणून इंजिन वारंवार फुटे. मोडके भाग त्यांनी ‘वेगदेवतेला अर्पण’ अशा अर्थाच्या फलकासह फळीवर मांडून ठेवले होते.

१९६७ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल मिठागरावर, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी १,००० सीसीखालील गटात वेगाचा विक्रम केला. त्याचे श्रेय एकट्या इंजिनाचे नाही; वारा कापणाऱ्या, माशासारख्या निमुळत्या कवचाचा वाटाही मोठा होता. गणनेतील चूक २०१४ मध्ये सुधारल्यावर हा वेग ताशी १८४.०८७ मैल (सुमारे २९६ किमी.) ठरला.