परभणीचा खरीप आणि चलांची निवड

परभणी जिल्ह्याचा खरीप मुख्यतः पावसावर उभा आहे. जायकवाडीचा डावा कालवा, येलदरी आणि दुधना यांचे पाणी काही भागालाच मिळते; बाकीच्या काळ्या रानातल्या सोयाबीन, कापूस आणि तुरीचे भवितव्य जून ते सप्टेंबरमध्ये ठरते. पाऊस किती होईल आणि पीक किती येईल हे आधी सांगण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे प्रमुख साधन समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, हे होते. समीकरणात कोणती चले घ्यायची आणि कोणती गाळायची, हा त्यातला कायमचा वाद.

सुरुवात एका चलापासून झाली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा मोसमी पावसाशी संबंध जोडला आणि 1886 पासून नियमित अंदाज निघू लागले. 1904 मध्ये हवामान खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी मागवून सहसंबंध काढण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या 1909 च्या सूत्रात हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतला वायुभार आणि झांजिबारचा पाऊस अशी चार चले होती.

वॉकर यांचे खरे मोठेपण मात्र 1914 च्या एका इशाऱ्यात आहे. शंभर असंबद्ध चले तपासली, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यांतली सुमारे पाच निव्वळ योगायोगाने अर्थपूर्ण दिसतात. म्हणून पुष्कळ चलांतून सर्वांत मोठा सहसंबंध निवडताना त्याची तुलना तेवढ्याच चलांतून योगायोगाने मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या सहसंबंधाशी करायला हवी, असे त्यांनी दाखवले. पुढे 1960 च्या दशकापासून संगणकाने पायरीपायरीने चले घेण्या-गाळण्याची स्टेपवाइज पद्धत सोपी केली, तेव्हा हाच इशारा सर्वाधिक दुर्लक्षित झाला.

वॉकर यांच्या अनेक चलांचे पावसाशी असलेले नाते पुढच्या दशकांत विरत गेले. 1928 मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले आणि याच पुण्यातून 1988 मध्ये वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांचे 16 चलांचे प्रतिमान वापरात आले. तापमान, वायुभार, वारे, बर्फ, एल निनो अशा घटकांची त्यात मोट बांधली होती. पुढची बरीच वर्षे देशाचा पाऊस सरासरीच्या आसपास राहिला आणि प्रतिमानाचा लौकिक वाढला. 2002 मध्ये अंदाज सरासरीच्या 101 टक्के होता. प्रत्यक्षात सुमारे 81 टक्के पाऊस झाला. जुलैत सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस पडला.

फेरतपासणीत अनेक चलांचा सहसंबंध क्षीण झाल्याचे आढळले आणि 2003 मध्ये 8 व 10 चलांची प्रतिमाने आली. 2004 मध्येही अंदाज हुकला. 2007 च्या पद्धतीने मग एकच उत्तम संच शोधण्याचा हट्ट सोडला: सहा चलांपासून 63 समीकरणे बनतात, ती सर्व तपासून त्यांतल्या निवडक चांगल्या समीकरणांची सरासरी घ्यायची. चलनिवडीच्या इतिहासातले हे महत्त्वाचे वळण होते, कारण निवडीतली अनिश्चितता इथे उत्तराचा भाग झाली.

देशाचा अंदाज बरोबर आला तरी परभणीच्या शेताचे कोडे सुटत नाही. एकूण पाऊस सरासरीइतका असूनही फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना तीन आठवड्यांचा खंड पडला तर सोयाबीनचा उतारा घसरतो. म्हणून उत्पादकतेच्या समीकरणात आठवडेवार आकडे लागतात. पाऊस, कमाल व किमान तापमान आणि सकाळ-दुपारची आर्द्रता असे पाच घटक सोळा आठवड्यांचे घेतले तर 80 चले होतात. उत्पादनाची वर्षे मात्र पंचवीस-तीस. एवढ्या चलांसमोर स्टेपवाइज पद्धत मोकळी सोडली, तर तिसऱ्या आठवड्याची आर्द्रता आणि अकराव्या आठवड्याचे किमान तापमान अशी, शेतीशास्त्राला न पटणारी जोडी हमखास वर येते.

यावर उपाय जुनाच आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड प्रयोगकेंद्राच्या गव्हाचा अभ्यास करताना रोनाल्ड फिशर यांनी 1924 मध्ये सुटे आठवडे निवडण्याऐवजी पावसाचा परिणाम हंगामभर सावकाश बदलतो असे मानले आणि मोजक्या गुणांकांत तो बसवला. त्याच धाग्यावर दिल्लीच्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेने हवामान निर्देशांक तयार केले: प्रत्येक घटकाचे सर्व आठवडे भारांसह एकत्र करायचे आणि निवड त्या थोड्या निर्देशांकांतूनच करायची. कृषी विद्यापीठांतल्या हवामान केंद्रांच्या जिल्हानिहाय अंदाजांत हीच रीत रुळली. मात्र हे भार उत्पादनाशी असलेल्या सहसंबंधांवरूनच ठरतात, त्यामुळे वॉकर यांचा इशारा इथेही लागू होतो. शेवटची काही वर्षे बाजूला ठेवून समीकरण त्यांवर पारखणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

समीकरणाच्या दुसऱ्या बाजूचा, म्हणजे उत्पादकतेचा, आकडा कापणी प्रयोगांतून येतो. शेतात ठरावीक मापाचा प्लॉट यदृच्छेने आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, वजन करायचे. नजर आणेवारीच्या जागी ही पद्धत 1940 च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली.

परभणीच्या बाबतीत या आकड्यांनाच एक खाच आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या परभणीच्या उत्पादकतेत हिंगोली, कळमनुरी आणि वसमतची रानेही मोजलेली आहेत. त्याच सुमारास ज्वारीखालची जमीन सोयाबीनकडे वळत गेली. जुनी आणि नवी वर्षे सरसकट एका मालिकेत जोडली, तर सीमाबदलाचा परिणाम हवामानाच्या एखाद्या चलाच्या नावावर जमा होतो आणि निवडपद्धत त्याला खुशाल पसंत करते. तालुकानिहाय आकड्यांवरून 1999 पूर्वीची परभणी आजच्या सीमांत पुन्हा बांधणे, नाहीतर विभाजनासाठी स्वतंत्र चल समीकरणात आधीच ठेवणे, हे काम कोणत्याही निवडपद्धतीच्या आधी करावे लागते.