निवळणे, शुद्ध करणे आणि शेंदणे : महाराष्ट्रातील ग्रामीण विहिरीच्या पाण्याचा इतिहास

१

ग्रामीण विहिरीचे पाणी पिण्यायोग्य कसे झाले, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा औषधाच्या अंगाने विचारला जातो. प्रथम निवळी व तुरटी, मग पोटॅशियम परमँगनेट आणि शेवटी ब्लीचिंग पावडर, असा क्रम लावला की विषय संपला, असे मानण्याची प्रवृत्ती आहे. प्रस्तुत निबंधात या क्रमाकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. पाण्यात काय घातले, हे विचारताना ते पाणी कोणी व कोणत्या रीतीने वर काढले, हेही विचारले पाहिजे. किंबहुना या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरच अनेकदा अधिक निर्णायक ठरले आहे.

यासाठी प्रथम विहिरीचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. घराच्या परसात किंवा वाड्याच्या चौकात असतो तो आड : अरुंद, बांधीव, पायऱ्या नसलेला. त्यातील पाणी दोर व पोहरा लावून शेंदावे लागते. माणसाचा पाय पाण्याला लागत नाही. दुसरा प्रकार पायविहिरीचा. तिच्याच घडीव व विस्तृत रूपाला बारव म्हणतात. दख्खनच्या कातळात उन्हाळ्यात पाण्याची पातळी फार खाली जाते. अशा प्रदेशात पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येणे ही मोठी सोय होती. बारवेच्या शिल्पाचे कौतुक आपण करतो व ते योग्यच आहे. परंतु आरोग्याच्या इतिहासात तिची पायरी हीच सर्वांत महत्त्वाची बाब ठरते.

२

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी स्वच्छ करणारी सात द्रव्ये सांगितली असून त्यांत कतक, म्हणजे निवळीचे बी, आणि वस्त्र यांचा समावेश आहे. पाणी उकळणे, उन्हात तापविणे, तप्त लोखंडाचा गोळा त्यात बुडविणे हेही उपाय तेथे आहेत. निवळीचे बी घड्याच्या आतल्या बाजूस उगाळावे, तुरटीचा खडा पाण्यात फिरवावा, पाणी फडक्यातून गाळून माठात भरावे, या घरगुती रीती त्याच परंपरेतील होत.

या उपायांचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा गुण एकसारखा नव्हे. निवळी व तुरटी गाळ तळाशी नेतात व त्याबरोबर काही जंतूही खाली बसतात. परंतु ते मरत नाहीत. नितळ दिसणारे पाणी निर्धोक असते, हा समज त्यामुळे घातक ठरू शकतो. उलट फडक्याचे साधे गाळणे एका विशिष्ट रोगाविरुद्ध खरोखर प्रभावी होते. तो रोग नारू.

३

नारूचा कृमी व पाणी यांचा संबंध रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेदचेंको याने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात केलेल्या संशोधनातून उघड झाला. या कृमीची सूक्ष्म पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या पोटात वाढतात. असा सायक्लॉप्स पाण्याबरोबर गिळला गेला, की सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीची मादी बहुधा पायाच्या त्वचेला फोड आणून बाहेर येऊ लागते. फोडाची आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो आणि त्याच क्षणी मादी असंख्य पिल्ले पाण्यात सोडते. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा कृमी ओढून काढणे, एवढाच इलाज खेड्यात होता. तो मध्येच तुटल्यास पाय सुजून माणूस दीर्घकाळ अंथरुणास खिळे, आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडे.

या चक्राला आडात स्थान नव्हते, कारण तेथे पाय पाण्यात पडतच नसे. पायविहिरीत मात्र रोगी व निरोगी एकाच पायरीवर उभे राहत आणि ज्या पाण्यात पाय बुडे त्याच पाण्यात घागर बुडे. उन्हाळ्यात पाणी उणे झाले म्हणजे सायक्लॉप्सची दाटी वाढे व धोकाही वाढे. म्हैसूर संस्थानातील चितळदुर्ग जिल्ह्यात १९३० नंतरच्या दशकात मूर्ती व स्वीट या संशोधकांनी सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे विहिरींत सोडून या रोगाला आळा घालण्याचा प्रयोग केला. तो कल्पक होता. परंतु पायरी जेथल्या तेथेच राहिली.

भारत सरकारने १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण आढळत होते आणि महाराष्ट्राची गणना रोगग्रस्त राज्यांत होती. टेमेफॉस हे औषध पाण्यात टाकणे, गाळण्यासाठी बारीक जाळीचे कापड देणे, रुग्णांना पाण्यात उतरू न देणे आणि पायविहिरींचे रूपांतर शेंदण्याच्या विहिरींत करणे किंवा हातपंप बसविणे, अशी त्याची अंगे होती. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. या रोगावर लस कधीच निघाली नाही. कृमी मारणारे खात्रीचे औषधही नव्हते. पाण्याशी माणसाचा संबंध ज्या रीतीने येतो ती रीत बदलल्याने तो गेला.

४

पटकीचा इतिहास याहून वेगळा आहे, कारण तिचा जंतू फडक्याने सहज अडत नाही आणि आडातही शिरतो. रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्यास तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखविले. पुढील दशकात आग्रा येथील रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हँकिन याने विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याच्या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. बादलीत विरघळविलेले औषध गुलाबी छटा टिकेपर्यंत विहिरीत ओतावयाचे, अशी ही सोपी रीत होती. साथीच्या दिवसांत तिचा देशभर उपयोग झाला. तथापि पाण्यात सेंद्रिय मळ असल्यास हे औषध त्यातच खर्ची पडते, आणि रंग ओसरल्यावर कोणी घाणेरडा पोहरा सोडला, की विहीर पुन्हा दूषित होण्यास अडथळा उरत नाही.

ब्लीचिंग पावडरने ही पद्धत मागे टाकली. खेड्यांत जिला आजही टीसीएल म्हणतात ती हीच पावडर. साधारणपणे दर १००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम हे तिचे प्रमाण मानतात. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १४ हजार लिटर भरते व त्यास ३५ ग्रॅम पावडर लागते. पाणी गढूळ किंवा मळकट असल्यास अर्थातच अधिक. औषध टाकल्यावर निदान एक तास पाणी शेंदू नये आणि त्यानंतरही पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असावा, हा नियम आहे. घरगुती विहिरीसाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने दुहेरी मडक्याची पद्धत सुचविली. छिद्रे पाडलेल्या एकात एक अशा दोन मडक्यांत १ किलो पावडर व २ किलो जाड वाळू यांचे मिश्रण भरून ती पाण्याखाली टांगतात. सुमारे ४५०० लिटरच्या विहिरीस ती दोन-तीन आठवडे पुरतात.

तरीही आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांत औषधाइतकेच लक्ष बांधणीकडे दिलेले आढळते. विहीर शौचखड्ड्यापासून निदान १५ मीटर दूर असावी, वरच्या भागाचे बांधकाम झिरपू न देणारे असावे, काठाला उंच कठडा व भोवती उताराचा ओटा असावा, सांडपाण्यास नाली असावी, तोंड झाकलेले असावे. म्हणजे शास्त्रही शेवटी विहिरीच्या रूपाकडेच वळले.

५

आता ‘शुद्ध’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळले पाहिजे, कारण विहिरीवर कोणी यावे हे ठरविणारा अर्थ तोच होता. ज्यांना गावच्या विहिरीला स्पर्श करण्याची मनाई होती त्यांनी ओढ्यातील डबक्याचे पाणी प्यावे, अथवा कोणी वरून ओतील याची वाट पाहावी, अशी स्थिती होती. त्यांच्या वाट्याला येणारे पाणी बहुधा सर्वांत असुरक्षित असे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. पाण्याच्या इतिहासात या घटनेची नोंद सामाजिक सुधारणा म्हणून होते. ती आरोग्याच्या इतिहासातही व्हावयास हवी.

१९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले ते गोमूत्र, शेण, दही व दूध मिसळलेल्या १०८ घागरींनी. जंतुशास्त्राच्या दृष्टीने हे कृत्य नेमके उलट परिणामाचे होते. कॉखचा शोध लागून तेव्हा चाळीसांहून अधिक वर्षे लोटली होती. ज्या समाजात शुद्धीचे हे दोन अर्थ एकाच पाणवठ्यावर नांदत होते, तेथे केवळ औषध वाटून भागणार नव्हते. १९५० च्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी व तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे, यामागे हाच अनुभव आहे.

६

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी व हातपंप झपाट्याने वाढले. पुढे देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क दोन’ पंपाची पूर्वपीठिका जालना व सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांत आहे. झाकलेल्या विंधनविहिरीने पायरीही काढली व पोहराही काढला. मात्र खोल भूगर्भाने नवा प्रश्न आणला. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. ते पाणी नितळ असते, जंतुरहितही असू शकते, आणि उकळल्याने त्यातील फ्लोराइड कमी न होता उलट दाटते.

अलीकडे जुन्या बारवा उपसून त्यांचा जीर्णोद्धार करण्याचे स्तुत्य काम अनेक गावांत चालू आहे. अभ्यासकांनी या वास्तूंची मोजमापे घ्यावीत, शिलालेख वाचावेत; त्याबरोबरच त्या पायऱ्या कोण उतरत असे, कोणाला उतरू दिले जात नसे, शेजारी आड होता काय आणि गावात नारू कधीपर्यंत होता, हेही वृद्धांना विचारून टिपून ठेवावे. नारू झालेला शेवटचा पाय पाहिलेली पिढी आता वयस्क झाली आहे. तिच्या आठवणी नोंदविण्याचे काम फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.