भेंडवळची घटमांडणी

भेंडवळची घटमांडणी : पाऊस, पिके, रोगराई आणि राज्यकारभार यांचे वर्षभराचे भाकीत सांगणारा बुलढाणा जिल्ह्यातील लोकविधी. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी दरवर्षी अक्षय तृतीयेला म्हणजे आखाजीला संध्याकाळी शेतात घट मांडतात. रात्रभरात त्यात जे बदल होतात त्यांवरून दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला विदर्भ, खानदेश व मराठवाड्यातून शेतकरी येतात. काय पेरावे, किती जोखीम घ्यावी आणि दिल्लीत कोणाचे राज्य राहील हे तिन्ही प्रश्न एकाच मांडणीला विचारले जातात. त्यामुळे श्रद्धा रोजच्या निर्णयांत आणि सार्वजनिक जीवनात कशी उतरते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील हे एक महत्त्वाचे उदाहरण ठरते.

स्थान व परिसर : अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग पडतात. बुलढाणा शहर, त्याच्या जवळचे पैनगंगेकाठचे देऊळघाट, चिखली, मेहकर, लोणार हा भाग घाटावर येतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात आहेत. या खोऱ्यातील मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथे विहिरीला पाणी लागले तरी ते बहुधा खारट असते आणि पिकाला चालत नाही. काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आणि उपशाला न चालणारे भूजल अशा स्थितीत खरिपाचे सारे गणित जून ते सप्टेंबरच्या पावसावर ठरते. पावसाचे भाकीत सांगणाऱ्या विधीला याच खोऱ्यात एवढे वजन का आले, याचे एक कारण या जमिनीत आणि पाण्यात आहे.

आखाजीला शेतीच्या दिनक्रमातही स्थान आहे. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याचा हा दिवस. अनेक गावांत सालदारांचे साल आखाजीला किंवा पाडव्याला बदलते. उन्हाळी मशागत उरकत आलेली असते, बियाणे व पैसा यांची जुळवाजुळव चालू असते आणि मृग नक्षत्राला महिना-दीड महिना उरलेला असतो. शेतकऱ्याला अंदाज हवा असतो तो नेमका याच वेळी.

उगम : चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हा विधी सुरू केला, असे परंपरा सांगते. त्यांना निलावंती विद्या, म्हणजे पशुपक्ष्यांची भाषा समजण्याची विद्या, अवगत होती, अशी आख्यायिका आहे. विधीचा अधिकार वाघ घराण्यात वंशपरंपरेने चालत आला असून अलीकडच्या काळात पुंजाजी महाराज व सारंगधर महाराज वाघ यांची नावे भाकिताशी जोडली गेली. गुढीपाडव्यालाही घट मांडण्याची रीत आहे, पण लोक वाट पाहतात ती आखाजीच्या भाकिताची.

मांडणी : गावाबाहेरच्या शेतात मातीचा गोलाकार घट आखतात. त्याच्या मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवली जाते. घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, वडा, भजे, करंजी असे पदार्थ आणि खालच्या बाजूला पान-सुपारी मांडतात. भोवतालच्या वर्तुळात अठरा धान्यांच्या लहान राशी घालतात. प्रचलित यादीत अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, भादली, तांदूळ, जवस, लाख, वाटाणा, गहू, हरभरा, करडी, मसूर आदी नावे येतात. मांडणी पूर्ण झाली की सगळे तेथून निघून जातात आणि रात्रभर घटाकडे कोणी फिरकत नाही. वारा, दव, मुंग्या, पाखरे, रात्री हिंडणारी जनावरे आणि झिरपणारे पाणी यांनी घटात जो फेरफार होईल, तोच सूर्योदयापूर्वी वाचला जातो.

प्रतीके व वाचन : वाचनाचे संकेत ठरलेले आहेत. ज्या महिन्याचे ढेकूळ अधिक भिजलेले त्या महिन्यात पाऊस अधिक, कोरडे राहिले तर ताण. धान्याची रास जागची हलली का, दाणे आत सरकले की बाहेर विखुरले, यावरून त्या पिकाचे उत्पन्न व भाव सांगतात. काही धान्यांना पिकापलीकडचा अर्थ आहे. अंबाडी ही कुलदैवताची, भादली रोगराईची, मसूर शत्रूची आणि करडी देशाच्या संरक्षणाची खूण मानली जाते. पुरी म्हणजे पृथ्वी. ती नाहीशी झाली तर नैसर्गिक आपत्तीचे भाकीत करतात. सांडोळी-कुरडई चाऱ्याची आणि करंजी देशाच्या तिजोरीची निदर्शक आहे. पान म्हणजे गादी आणि सुपारी म्हणजे राजा. सुपारी जागेवर असेल तर ‘राजा कायम’, हलली असेल तर गादीला धोका किंवा राजावर ताण.

भाकिताची भाषा मोघम असते. पाऊस ‘साधारण’, ‘भरपूर’ किंवा ‘लहरी’, पीक ‘चांगले’ किंवा ‘मोघम’ आणि भाव ‘तेजीत’ किंवा ‘मंदीत’, असे तिचे शब्द आहेत. आकडे नसल्यामुळे भाकीत पुढे पडताळून पाहणे अवघड होते आणि त्याच कारणाने त्याचा अर्थ ज्याला त्याला आपल्या शिवाराला लावून घेता येतो. भाकीत एकच असले तरी ते ऐकणारी गावे सारखी नसतात. खोऱ्यातील भेंडवळ आणि घाटमाथ्यावरील देऊळघाट यांच्या जमिनीत, उंचीत व पावसात फरक आहे. ‘ऑगस्टमध्ये चांगला पाऊस’ हे विधान दोन्हीकडे सारखे खरे ठरेलच असे नाही.

शेतीच्या निर्णयांतील स्थान : पेरणी प्रत्यक्षात अनेक गोष्टींवर ठरते. हातातला पैसा, पीककर्ज, मागच्या वर्षीचा बाजारभाव, घरचे बियाणे, ओलिताची सोय आणि सर्वांत शेवटी पडलेला पाऊस. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये असे सांगते. दुबार पेरणीचा फटका बसलेल्या शेतकऱ्याला हा सल्ला पटवून द्यावा लागत नाही. घटमांडणी या घटकांची जागा घेत नाही, ती त्यांच्या शेजारी बसते. कपाशीचा पेरा वाढवावा की तुरीचा, आंतरपीक घ्यावे की नाही, अशा काठावरच्या निर्णयांत भाकिताचा शब्द पारड्यात पडतो. पंचांगातील नक्षत्रांची वाहने आणि सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली पर्जन्यवचने यांचाही उपयोग असाच होतो.

अलीकडच्या दशकांत बुलढाण्याच्या शिवारात सोयाबीन हे प्रमुख पीक झाले. नेहमी सांगितल्या जाणाऱ्या अठरा धान्यांच्या यादीत मात्र सोयाबीन दिसत नाही. उलट लाख, भादली, अंबाडी यांसारखी शेतातून जवळजवळ हद्दपार झालेली पिके घटात टिकून आहेत. म्हणजे ज्या पिकावर घराचा वर्षाचा खर्च उभा असतो, त्याच्यासाठी पारंपरिक राशीच नाही. या अर्थाने घट हा पूर्णाखोऱ्यातील जुन्या पीकपद्धतीचा एक दस्तऐवजही आहे.

या श्रद्धेमागे आर्थिक अनिश्चिततेची पार्श्वभूमी आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू झाली. विम्यामुळे नुकसानीचा काही भाग भरून निघू शकतो, पण पाऊस कधी येईल या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्या उत्तराची ओढ आखाजीच्या पहाटे गर्दी जमवते.

राजकीय भाकीत व निवडणूक कायदा : वृत्तवाहिन्या आणि वृत्तपत्रे यांच्यामुळे भेंडवळचे नाव राज्यभर झाले ते पावसाइतकेच राजकीय भाकितामुळे. लोकसभेच्या निवडणुका बहुधा एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि अक्षय तृतीयाही त्याच काळात येते. त्यामुळे सुपारी हलली की नाही, हा प्रश्न मतदान चालू असतानाच उभा राहतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार मतदानाच्या सर्व टप्प्यांच्या काळात मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. ज्योतिषी, टॅरोवाचक आदींनी या काळात केलेली निकालाची भाकितेही याच मनाईच्या कक्षेत येतात, अशी सूचना निवडणूक आयोगाने मार्च २०१७ मध्ये प्रसारमाध्यमांना दिली. २०२४ साली अक्षय तृतीया १० मे रोजी होती. बुलढाण्याचे मतदान २६ एप्रिलला उरकले होते, पण देशातील अखेरचा टप्पा १ जूनला होता. त्या वर्षी आचारसंहितेमुळे राजकीय भाकीत सांगण्याचे टाळण्यात आले. पाऊस आणि पिके यांचे भाकीत मात्र नेहमीप्रमाणे झाले.

आक्षेप व कायदेशीर स्थिती : अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने घटमांडणीवर वेळोवेळी टीका केली आहे. धान्याचे दाणे रात्री कोणत्या दिशेला सरकतात आणि तीन महिन्यांनी किती पाऊस पडतो, यांत कार्यकारणसंबंध नाही, हा मुख्य आक्षेप. खरी ठरलेली भाकिते लक्षात राहतात आणि चुकलेली विसरली जातात, हा दुसरा. चुकीच्या भाकिताचा भुर्दंड शेतकऱ्यालाच सोसावा लागतो, हा तिसरा. श्रद्धाळूंचे उत्तर साधारणपणे असे असते : येथे कोणावर सक्ती नाही आणि सरकारी अंदाजही चुकतातच.

या चळवळीचे नेते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर राज्यात आधी वटहुकूम आणि मग कायदा होऊन जादूटोणाविरोधी तरतुदी लागू झाल्या. हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या अमानुष, अघोरी व फसवणुकीच्या कृत्यांपुरता आहे. पूजा, यात्रा, कीर्तन यांसारखी धर्माचरणे आणि ज्योतिषांचा सल्ला त्याच्या कक्षेतून वगळलेला आहे. त्यामुळे घटमांडणीविषयीचा वाद न्यायालयापेक्षा सार्वजनिक चर्चेत चालतो. राज्यघटनेने एकीकडे धर्मस्वातंत्र्य दिले (अनुच्छेद २५) आणि दुसरीकडे वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले (अनुच्छेद ५१ क). या वादातले दोन्ही पक्ष घटनेचाच आधार घेऊ शकतात तो यामुळे.

हवामान अंदाजाशी तुलना : भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर मोसमी पावसाच्या पूर्वअंदाजाची निकड भासली आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे १८८६ मध्ये पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध केला. आज हा अंदाज एप्रिलच्या मध्याला, म्हणजे आखाजीच्या आगेमागेच जाहीर होतो. देशाची मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटिमीटर धरतात आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस ‘सामान्य’ मानतात. २०२३ साठी खात्याने ९६ टक्क्यांचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात ९४ टक्के पाऊस झाला. २०२४ साठी तो १०६ टक्क्यांचा होता आणि पाऊस १०८ टक्के पडला. आकडा, चुकीची मर्यादा आणि नंतरचा ताळा या तीन गोष्टी येथे आहेत, घटमांडणीत त्या नाहीत.

तरी शेतकऱ्याच्या बाजूने एक उणीव राहते. देशाची सरासरी गाठली म्हणून आपल्या शिवारात वेळेवर पाऊस पडेलच असे नाही. २०२३ मध्ये हंगामाची तूट मोठी नव्हती, पण ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. घट हा चार महिन्यांचे चार वेगळे अंदाज सांगतो. प्रश्न बरोबर आहे, उत्तर काढण्याची रीत निराधार आहे. जिल्हा व तालुका पातळीवरील कृषी हवामान सल्ले आणि महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापन यांतून हा प्रश्न हाताळण्याचा प्रयत्न आता होत आहे.

जिल्ह्यातील इतर परंपरा : श्रद्धेचे सार्वजनिक रूप बुलढाण्यात एकच नाही. शेगाव येथे १८७८ मध्ये प्रकट झालेल्या आणि १९१० मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थानाने श्रद्धेला सेवा, शिस्त व स्वच्छता यांचे वळण दिले. १९८३ मध्ये शेगावात अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत हिंदू व मुसलमान दोघेही येतात. मनोरुग्णांना बरे करण्यासाठी तेथे आणण्याच्या प्रथेवर मानसिक आरोग्याच्या आणि अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्यांनी प्रश्न उपस्थित केले आहेत. शेगावात श्रद्धेतून संस्था उभी राहिली, सैलानीत ती उपचाराची जागा घेऊ पाहते आणि भेंडवळला ती अंदाजाची जागा घेते.

मूल्यमापन : घटमांडणीचे टिकून राहणे भाकिते खरी ठरण्यावर अवलंबून नाही. पेरणीच्या तोंडावर हजारो शेतकऱ्यांना एकाच वेळी पाऊस, भाव, रोगराई आणि सत्ता यांविषयी बोलायला ती जागा देते, हे तिचे खरे सामाजिक कार्य. पण तिच्या रचनेत राज्यसत्तेकडे पाहण्याची एक जुनी रीतही गोठलेली आहे. घटात राजा आहे, शत्रू आहे, संरक्षण आहे, तिजोरी आहे; मतदाराची रास नाही. राजा हा पावसासारखाच वरून येणारा आणि आपल्या हाती नसणारा मानलेला आहे. भाकीत ऐकायला आलेला शेतकरी मात्र मतदार असतो आणि सुपारी हलो वा न हलो, ‘राजा’ ठरवण्यात त्याचा वाटा असतो. पावसाच्या बाबतीत घटाने सांगितलेली हतबलता समजण्यासारखी आहे, राज्याच्या बाबतीत ती आता लागू पडत नाही.